एका कान्याचं अंतर

नरी रोकायाला नेलं त्या रात्री
हर्णैच्या बंदरात ओहोटी होती.
बोटी चिखलात कलंडलेल्या
आणि एका बोटीवरची बॅटरी नाहीशी.
तांडेल म्हणाला, मी झोपलो होतो.
मालक म्हणाला, खलाशी काय, दरसाल नवे येतात,
याचं नावही मला धड ठाऊक नाही.
सात हंगाम त्याच्याच बोटीवर होता नरी.

हवालदारानं विचारलं, गाव?
तालुका? जिल्हा?
मग देश.
देश म्हटल्यावर त्याचं पेन थांबलं.
परदेशी लिहायचं की नाही, हे विचारायला
त्यानं वर फोन लावला.
वरचे साहेब जेवत होते.

दापोलीच्या कोर्टात वकील म्हणाले,
जामीन झालाय. पंधरा हजार,
आणि एक लायक जामीनदार, इथलाच.
म्हणजे कोण?
म्हणजे जमीन असलेला.
मी चौथीपर्यंतच शिकले, पण एवढं वाचता येतं:
जमीन आणि जामीन
यांच्यामध्ये एकच काना उभा आहे,
दारावरच्या शिपायासारखा,
आणि नरी त्याच्या पलीकडं.

कोर्टामागच्या वडाखाली एक जण भेटला.
तीन हजार द्या, म्हणाला,
सातबारा माझा, माणूस माझा,
तुम्ही यायचीसुद्धा गरज नाही.
त्याच्या पिशवीत रेशनकार्डं होती,
पत्त्यांच्या कॅटासारखी रबरात बांधलेली.

मी माझाच सातबारा काढला.
त्यावर एकोणीस नावं.
सहा मेलेली, चार विरारला,
दोन कुवेतला, बाकीची माझ्याशी बोलत नाहीत.
माझ्या वाट्याला पावणेदोन गुंठे,
त्यावर बोंबील वाळतात.
क्लार्क हसला नाही, हे त्याचे उपकार.
घरपट्टीची पावती आहे का, म्हणाला.
होती. डब्यात, मिठाच्या पुडीखाली, जरा ओलसर.

न्यायाधीश बाईंनी विचारलं,
आरोपीचं आणि तुमचं नातं काय?

आता काय सांगायचं.
तो वलांडीवरचे बोंबील उतरवू लागतो,
उतरवताना बहिणीशी फोनवर बोलतो,
त्यातलं मला अक्षर कळत नाही.
आणि माझे एकशेवीस रुपये देणं लागतो.
मी म्हटलं, उधारी आहे.
कागदावर आलं: परिचित.

तो पळाला तर पंधरा हजार तुमच्याकडून वसूल होतील,
समजतंय का?
समजतंय, म्हटलं.
बोटीवर माणूस चढवताना
कुणी असं लिहून घेत नाही.
घेत असते,
तर माझीच केवढी वसुली निघाली असती.

रेशनकार्डाच्या मागं शिक्का बसला,
म्हणजे आता दुसऱ्या कुणाला मी सोडवू शकत नाही.
एका बाईला एकच माणूस.

हुकूम घेऊन रत्नागिरीला पोचलो तेव्हा साडेसहा वाजलेले.
जेलच्या भिंतीवरची पेटी सहाला उघडतात.
हुकूम पेटीत पडल्याचा आवाज आला.
नरी सुटला होता,
फक्त सकाळपर्यंत आत होता.

अटी दोन. दर सोमवारी ठाण्यावर हजेरी,
आणि जिल्ह्याबाहेर जायचं नाही.
मी वकिलांना विचारलं, समुद्र कुठल्या जिल्ह्यात येतो?
ते फायलीला दोरी बांधत राहिले.
म्हणून नरी बोटीवर जात नाही.
जेट्टीवर बर्फ फोडतो, जाळी शिवतो.

मे संपला. बोटी वर ओढल्या, शाकारल्या.
बाकीचे नेपाळी ट्रंका घेऊन
खेडच्या स्टेशनकडं गेले.
हा माझ्या पडवीत.
सोमवारी शर्ट बदलून ठाण्यावर जातो,
येताना मला मिशरी आणतो.

एकशेवीस रुपये अजून दिलेले नाहीत.
मीही मागत नाही.
फिटले,
तर पुढच्या तारखेला
नातं काय सांगू?