हातघाई

योंगसानच्या बाजारात, तिसऱ्या मजल्यावर,
माझं दुकान आवाजावर चालतं.
गिऱ्हाईक आलं की मी आधी बटण दाबून दाखवतो:
हा ऐका, पाटावर सोंगटी ठेवल्यासारखा.
हा जरा जाड, ओलसर.
आणि हा कुरकुरीत, यानं शेजारच्या खोलीतली बायको उठते.
एकवीस वर्षं मी कानाला विकत आलोय
जे बोटांनी वापरायचं असतं.

ती आली तेव्हा बाहेर बर्फाचा चिखल झालेला,
बुटांचे काळे ठसे थेट काउंटरपर्यंत.
मी पालुपद सुरू केलं. तिनं मोबाइल वर धरला:
'ऐकू येत नाही. कीबोर्ड हवाय. बुटका, बिनतारी, खेळायला.'
खाली नाव, फॉर्मवर लिहितात तसं: ताक मी-रान.

माझा अर्धा माल
एका ओळीत मुका झाला.

मग मी काढत गेलो, ती सारत गेली.
पहिला उंच. तिनं मनगट टेकलं
आणि त्याचा बाक मला दाखवला,
किडकं फळ परत करतात तसा.
दुसरा पातळ, पण बटणं इतकी सपाट
की बोटाला आपलं घर सापडेना.
तिसरा बॅटरी संपत आली की टुंग करतो,
हे मीच मोठ्या तोऱ्यात लिहिलं
आणि लिहिता लिहिता पुसलं.
तिनं पाहिलं होतं. हसली.

चौथ्यावर डावा हात,
उजवा तळवा काउंटरच्या काचेवर.
डोळे मिटून दाबत राहिली.
काचेतून तिला काय येत होतं कोण जाणे,
मी मात्र उगाचच श्वास रोखलेला.

'एवढा बुटकाच का?' मी लिहिलं. दुकानदाराची खोड.

ती बराच वेळ टाइप करत होती.
'आम्ही पाच जण. पाचही बहिरे.
कॅमेऱ्यात एकमेकांचे हात बघत खेळतो.
बोलायचं तर बटणावरून हात उचलावा लागतो.
उचलला की मी मरते.
मागे बघ, एवढं सांगायला
गेल्या आठवड्यात तीनदा मेले.
एकदा तर शब्दाच्या अर्ध्यातच.'
आणि खाली, आठवलं म्हणून:
'तारेत करंगळी अडकते. बोबडी वळते.'

उंची, दाब, खोली,
मिलिमीटर मला तोंडपाठ आहेत, झोपेतही सांगेन.
पण कशापासून कशापर्यंतचे,
हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

तिनं करून दाखवलं. उंचावरून:
हात चढला, मनगट वळलं, शब्द उशिरा पोचला.
बुटक्यावरून: बटण, बटण, शब्द, बटण.
मधला सांधा मला दिसलाच नाही.

घासाघीस आम्ही बोटांनी केली,
सगळ्या बाजारांची ती जुनीच रीत.
पण तिच्या मायबोलीत
मी हरणारच होतो.
नफा गेला, वर मनगटाखालची गादी फुकट.

ती गेल्यावर काचेवर दिसला
नखाएवढा रिसीव्हर,
तपासायला मीच काढलेला. त्याच्याशिवाय
तिचं खोकं म्हणजे नुसती पाटी.
धावलो. जिन्यावरून हाक मारली, 'अहो!'
वीस माणसं वळली,
ती सोडून.
पुन्हा मारली. सवय हो, दुसरं काय.

मग खालच्या काचेच्या दारात
तिला माझं प्रतिबिंब दिसलं असावं:
एक म्हातारा, धापा टाकत,
एक हात उंच, चिमटीत काहीतरी.
थांबली. घेतलं.
खोकं काखेत, मोकळ्या हातानं काहीतरी म्हणाली,
आखूड, झटक्यात.

आभार असतील.
किंवा, मागे बघ.
मी मागे बघितलं:
वर दुकान सताड उघडं, दिवे चालू,
आणि गल्ल्यापाशी कोणी नाही.