ब्याण्णव

घैसास साहेब, आधी गाडी सावलीत घ्या.
तापलेल्या पत्र्याला मी हात लावत नाही.
पाणी मारलं की जागच्या जागी वाळतं,
आणि तुमच्या सहकारनगरचं बोअरचं पाणी म्हणजे
वाळल्यावर पांढरे ठिपके,
रव्यासारखे बोटाला लागतात, निघत नाहीत.

बसा. स्टूल पुसलेलं आहे.

हे यंत्र बघा, काडेपेटीएवढं.
पत्र्याला टेकवलं की रंगाची जाडी सांगतं, मायक्रॉनमध्ये.
पहिल्यांदा आलात तेव्हा बॉनेटवर एकशे अठरा होतं,
वहीत आहे, तारखेसकट.
आज ब्याण्णव.
मधले सव्वीस कुठं गेले?
मीच काढले.
दर दिवाळीला, दर पाडव्याला,
आणि तुमच्या साठीला एकदा जादा.

लोकांना वाटतं पॉलिश म्हणजे वरून काहीतरी चढवायचं.
आमचे यासीनभाई नाना पेठेतल्या गाळ्याच्या दारात
विडी न पेटवता नुसती धरून सांगायचे,
चमक लावता येत नाही रे,
ओरखड्याच्या तळापर्यंत बाकीचं सगळं खाली आणायचं,
मग ओरखडा कुणाला दिसत नाही.
म्हणजे खरवडायचंच. फोमनं, हळू, पण खरवडायचंच.
वरची लॅकर केसाहून बारीक.
ती संपली की मरून उघडा पडला,
आणि उघड्या मरूनला
दोन उन्हाळे पुष्कळ झाले.

तुम्ही म्हणाल, मी तर कव्हर घालतो.
तेच तर.
धुळीवरच घातलेलं कव्हर रात्रभर वाऱ्यानं हलतं,
खाली स्वारगेटच्या खोदकामाची बारीक वाळू.
टॉर्च मारतो, वाका थोडं.
दिसलं? कोळ्याचं जाळं.
हे तुमच्या कव्हरनं विणलंय.
रस्त्यावर बेवारशी उभ्या गाड्यांना
असं जाळं मी कमी पाहिलं.

जुना बनियन फेकून द्या. शिवण असते त्याला.
दोन बादल्या घ्या, एक साबणाची, एक फडकं खळबळायची.
टपापासून सुरुवात, चाकं शेवटी.
कबुतरानं घाण केली तर घासायचं नाही,
ओलं फडकं ठेवायचं, पेपरातली एक बातमी वाचायची,
मग अलगद उचलायची, तान्ह्या पोराची उचलावी तशी.
आणि त्या पर्जन्यवृक्षाखाली लावू नका,
सावली देतो आणि वरून चिकट गाळतो.

आता एक बोलू? रागावू नका.
उजव्या दाराच्या मुठीमागं जी वाटी असते ना,
तिथं तुमच्या अंगठीच्या रेघा आहेत.
डाव्या बाजूला बांगड्यांच्या,
नखाच्या कडेएवढ्या, एकावर एक.
वहिनींच्या असणार.
मागच्या दोन्ही वाट्या कोऱ्या.
अकरा वर्षांची गाडी, साहेब,
आणि तिथं बोट लागल्याचीसुद्धा खूण नाही.
दिवसभर दारंच बघतो म्हणून दिसतं,
नाहीतर मला काय करायचंय.

तर आज पॉलिश नाही.
धुतो, मेण लावतो हातानं,
तीन महिने पाणी ठरणार नाही वर.
पैसे निम्मे द्या.
आकडा लिहून देतो, सर्व्हिस बुकात ठेवा,
दुसरीकडं गेलात तर मशीन लावण्याआधी
तो कागद दाखवा.

हो, मागच्या दारांचाही लिहिलाय खाली.
एकशे सोळा.
तिथं मी कधी जोरच दिला नाही, गरज नव्हती.
कुणी दार आपटलं, बक्कल घासलं,
एखाद्या पोरानं खडा फिरवला,
तर बिनधास्त घेऊन या.
तिथं काढायला अजून भरपूर आहे.