सात प्रती

बँकेत अम्माचा अंगठा लागला नाही.
एकदा पदराला पुसला, दोनदा माझ्या रुमालाला,
तरी मशीन लालच.
पन्नास वर्षं तेंदूची पानं वळता वळता
रेषा विड्यांबरोबर कारखान्यात गेल्या,
हजाराच्या हिशेबात कुणी धरल्या नाहीत.
काउंटरवरची बाई म्हणाली, कागदावर आणा.
हयातीचा दाखला. फॉर्म नेटवर आहे.

म्हणून आज, पाण्याचा दिवस असून,
बॅरलला पाइप लावून
मी कॉम्प्युटरसमोर बसलोय.
छाप म्हटलं.
प्रिंटर ऑफलाइन आहे, म्हणतो.
माझ्या गुडघ्याला लागून आहेस,
हिरवा दिवा लावून बसलायस,
ऑफलाइन कसा बे तू?

परत छाप म्हटलं.
बंद केला, चालू केला.
कन्ना चौकातल्या अंबादासला फोन लावला,
तो म्हणाला, बंद करून चालू कर.
परत छाप.
पडद्यावर एकाखाली एक कागद उभे राहिले
टँकरसमोरच्या घागरींसारखे.
त्यातला एक रद्द केला.
"रद्द होत आहे" असं आलं
आणि तो तसाच राहिला, होत.

मी चोवीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात जॉबर.
लूम बिघडतो तेव्हा आधी त्याचा आवाज बदलतो.
पिकर झिजला, धोटा अडायला लागला,
दारातूनच ओरडतो, चार नंबर थांबव.
याला आवाजच नाही.
हा नुसतं वाक्य देतो
आणि वाक्याखाली बटण: ठीक आहे.
काय ठीक आहे?
दाबायला दुसरं काही नाही म्हणून दाबतो.

मधेच आलं, ड्रायव्हर उपलब्ध नाही.
मी मोठ्यानं वाचलं असणार,
कारण अम्मा बाजेवरून म्हणाली,
ड्रायव्हर कशाला, रिक्षानं जाऊ की.

बॅरल भरून वाहायला लागला.
शेजारच्या यल्लूबाईनं माझ्या सात पिढ्यांना हाक मारली.
पाइप टाकीत सोडून ओल्या पायांनी आलो
तर खुर्चीवर नागवेणी, नववीतली, वेणी अर्धी घातलेली.
बाबा, इथं एकाच नावाचे दोन प्रिंटर दिसतायत.
आपल्याकडे तर एकच आहे.
मग हळूच,
दिवाळीला पुसताना वायर मी खालच्या भोकात घातली होती.
तुम्ही अजून वरच्या भोकाला कागद पाठवताय.

तिनं एक खूण काढली, तिसऱ्या ओळीवर केली.

आणि आवाज आला.
ओळखीचा. इकडून तिकडे, तिकडून इकडे,
आत कुणी धोटा फेकावा तसा.
पहिला कागद आला. मी उचलला.
दुसरा आला.
थांब म्हणेपर्यंत चौथा.
रद्द केलेलासुद्धा आला, काही झालंच नाही असा.
प्रत्येकावर तेच:
श्रीमती पोशव्वा मल्लय्या इराबत्ती
या हयात आहेत.
हयात आहेत.
हयात आहेत.
शेवटच्यावर शाई संपत आली होती,
नाव दिसत होतं, पुढचं पुसट.

वच्चिंदा, अम्मानं विचारलं.
आलं, म्हटलं, सात आले.
तिनं गठ्ठा हातात घेतला,
कट्ट्याच्या कडा जुळवाव्यात तसा
बाजेच्या पाटीवर दोनदा आपटला,
डोळ्यांजवळ नेऊन एकेक पाहिला
आणि पुसट कागद बाजूला काढला.
ही छाट, म्हणाली.
एक बँकेला दे.
बाकीच्या पाच ठेव,
पुढच्या वर्षांना होतील.

दरवर्षी नवी तारीख लागते
हे नागवेणी सांगणार होती, तोंड उघडलं होतं तिनं.
मी तिला म्हटलं, जा, पाइप बघ.
पाच कागद गादीखाली सारले,
रेशन कार्डाशेजारी,
चुरगळणार नाहीत असे.