देठ एकटा फिरत नाही

कापडण्याच्या विहिरीत मी पोहायला शिकलो
ते पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधून.
काठावरून मुटका मारायचा,
वर आलं की मान ताठ, कोंबड्यासारखी,
आणि हातपाय झाडत पायरी गाठायची.
विहीर केवढी? आठ हात.
आठ हातांत कुणाचं काय बिघडतं!

धुळ्याचा तलाव पंचवीस मीटर.
वय एक्कावन्न, नवी चड्डी, नवा चष्मा,
आणि दहाव्या मीटरला मी दोरीला लटकलेला,
छाती डेपोतल्या जुन्या कॉम्प्रेसरसारखी.
शेजारून सातवीतली एक पोरगी
आवाज न करता निघून गेली.

शिकवायला भोईंची मथुरा. तेवीस वर्षांची.
गळ्यात शिट्टी, पण वाजवत नाही.
काठावर उकिडवी बसून म्हणाली,
"काका, पानीसंगे कुस्ती काब्र खेळी ऱ्हायनात?"

डोकं वर काढलं की कंबर बुडते.
तळाची फरशी बघा, समोर काय आहे ते मी बघते.
पाय मांडीपासून हलवा, सायकल नाही ही.
हात आपटू नका,
उशीच्या अभ्र्यात घालतात तसा सरकवा,
आणि पुढे गेला की राहू द्या त्याला तिथं, क्षणभर.
बोटं सैल. कोपर वर.
काठावर मला सगळं कळायचं.
आठवडाभर मी पाणी प्यालो.

अडत होतं श्वासाशी.
"खाली काय करता त्याचं?"
धरून ठेवतो.
"कशासाठी?"
तीस वर्षं एसटीच्या गाड्या उघडल्या मी.
सायलेन्सर चोंदला की गाडी चढावर दम का टाकते
हे किती पोरांना समजावलं,
आणि इथं स्वतःचा धूर आत कोंडून
वर तोंड वासत होतो, डिझेल द्या, डिझेल द्या.

सोडला. पाण्याखाली, नाकातून, हळूहळू.
बुडबुडे कानामागून निघून गेले.

मान राहिली. वळवली की सगळं अंग वाकडं.
"भरीत कोण भाजतं तुमच्याकडे?"
मीच. मळ्यात, तुरकाठ्यांवर.
"वांगं कसं फिरवता?"
आख्खं. कुशीवर.
"देठ एकटा फिरतो का?"

दुसऱ्या सकाळी खांद्यापासून घोट्यापर्यंत
एका कुशीवर गेलो.
अर्धं तोंड पाण्यात, अर्धं बाहेर,
आणि तिथं, गालापाशी, हवा आयतीच ठेवलेली.
घेतली.
पुन्हा खाली, फरशीवरची काळी रेघ,
पुन्हा कूस.
चार हात असे गेले की आवाजच नाही.
विहिरीत मी इतकी शांतता कधी ऐकली नव्हती,
तिथं माझंच डोकं वर असायचं, ओरडत.

पाचव्या हाताला आनंद झाला आणि नाकात पाणी.
दोरी धरून खोकत उभा राहिलो.
सतरावा मीटर असेल.
मथुरा बघत होती. शिट्टी नाही, शाबासकी नाही.
"पाय परत गुडघ्यातून मारले," म्हणाली.
"चला, आखो एक डाव. भिंतीपासून."