प्रत्यय

कौनासच्या नगरपालिकेत, तिसऱ्या मजल्यावरून
दोन नद्या एकमेकींत मिसळताना दिसतात.
मिसळल्यावर एकीचंच नाव पुढे जातं.

तेविसाव्या वर्षी मी इथे कोडची एक ओळ लिहिली :
'विवाहित' किंवा 'विधवा'वर टिचकी पडली
की आडनावाच्या रकान्यातलं शेपूट छाटायचं,
तिथे बायकोचा प्रत्यय लावायचा.
झ्विर्ब्लिस म्हणजे आमच्याकडे चिमणा.
झ्विर्ब्लीते, त्याची मुलगी.
झ्विर्ब्लिएने, त्याची बायको.
ओळ पहिल्याच फटक्यात चालली.
रिमगाउदास साहेबांनी खसखशीचा केक मागवला.

नऊ वर्षांनी, मार्चमध्ये,
स्वतःचाच फॉर्म भरताना टिचकी मारली,
तर माझ्या नावाची शेवटची अक्षरं
पाहुणे आल्यावर घरातली पोरं सरकतात
तशी मुकाट उठून गेली.
मी पुन्हा लिहिलं. त्याने पुन्हा बदललं.
सभ्यपणे, क्षणभरही न थांबता,
मीच शिकवलं होतं तसं.

त्या संध्याकाळी ती ओळ खोडली.
खाली बारीक अक्षरांत ठेवलं : आपलं नाव आपण लिहा.
मी आखूड शेवट घेतला, नुसता एक ए,
ज्यातून कोण कुणाची ते कळत नाही.
गिन्टाउतास म्हणाला, छान आहे,
आणि बटाटे सोलत राहिला.

एप्रिलात खालून निरोप आला : एक आजी ऐकत नाहीयेत, ये.
एलेओनोरा झ्विर्ब्लिएने, वय ब्याऐंशी,
लोकरी टोपी, बसच्या पासाचा फॉर्म.
"दर वर्षी मी अर्धंच लिहायचे," त्या म्हणाल्या,
"उरलेलं तो लिहायचा."

कोण तो, हे मी विचारलं नाही.
आजी, ती मी होते, असंही म्हटलं नाही.
खुर्ची ओढून दिली. टिंबवाला ए
चारच्या आकड्याच्या कळीत बसलेला असतो,
तो दाखवला.

एका बोटाने लिहीत होत्या.
मागे रांग वाढत होती, कुणीतरी खोकलं.
दर अक्षरानंतर मान वर करून
त्या पडद्याकडे बघायच्या, जरा थांबायच्या.
कुणी बदलत तर नाही ना, म्हणून,
की कुणीतरी बदलावं, म्हणून,
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.