बोंबलाचं पाणी

पहिल्या रात्री तगर गेली.
दुसऱ्या रात्री मोगऱ्याचे शेंडे,
कात्रीने कापावेत तसे तिरके,
आणि वाळूत ठसे, दोन-दोन पाकळ्यांचे,
कुणी सोललेले बदाम पालथे मांडून गेल्यासारखे.

"होरिन," नूरुल म्हणाला, आणि हसला.
मला हसू आलं नाही.
तिसऱ्या रात्री कढीपत्ता गेला असता,
जो मी देवगडहून थर्मासमधून आणला होता
आणि विमानतळावर चहा म्हणून सांगितला होता.

झाखेरमध्ये आमची ओळ शेवटची.
मागे कमरेएवढी भिंत,
भिंतीमागे रस्ता, रस्त्यामागे हफीतचा डोंगर
आणि मग कुणीच न मोजलेलं सगळं.

पालिकेला फोन केला.
त्यांनी घराचा नंबर घेतला,
हरणाला कुठे लागलंय का विचारलं.
तगरीचं काही विचारलं नाही.
राजधानीच्या नावातच हरीण;
तक्रार करायची तरी कोणापुढे?

उपाय सगळ्यांकडे होते.
कुरियाकोसबाई म्हणाल्या, साबण टांगा.
आठ वड्या टांगल्या. मे महिन्यात त्या
जास्वंदीच्या अंगावरून ओघळल्या
आणि जास्वंदच तेवढी स्वच्छ झाली.
श्रीपादने दिवा आणला, हालचाल दिसली की पेटणारा.
तो मांजरासाठी पेटला, वाऱ्यासाठी पेटला,
कचऱ्याच्या गाडीसाठी रोज पेटला.
हरणासाठी पेटला तेव्हा
हरणाने त्या उजेडात नीट निवडून खाल्लं.

मग जाळी. लोखंडी, पाच फुटी,
सनैयातून मीटरमागे दोन दिरहम पाडून.
दोडक्याची वेल तिच्यावर चार दिवस मजेत चढली.
पाचव्या दुपारी तार अशी तापली
की जिथे जिथे वेलीने धरलं होतं
तिथे तिथे ती काळी पडली.
कुंपणानेच शेत खाल्लं,
हे मी आजवर फक्त पुढाऱ्यांबद्दल म्हणायचे.

शेवटी आईचा उपाय, फोनवरून.
तिच्याकडे माकडं येतात, पण तत्त्व तेच:
सुके बोंबील भिजत घाल,
तीन दिवस उन्हात ठेव, मग शिंपड.
इथे तीन दिवस लागले नाहीत. एक दुपार पुरली.
शेजारच्या उम्म सुहैलनी खिडक्या लावून घेतल्या
आणि संध्याकाळी काठी टेकत आल्या.
मी माफीची अरबी जुळवत उभी.
त्या बादलीवर वाकल्या, डोळे मिटून हुंगलं,
म्हणाल्या, "आमच्याकडे असले मासे
उंटांना घालायचे. माझा बाप घालायचा."
आणि बराच वेळ तिथेच बसल्या,
त्या वासात.

त्या रात्री एक पान गेलं नाही.
दुसऱ्या रात्रीही नाही.
जिंकल्यावर झोप येत नाही, हे तेव्हा कळलं.

तिसऱ्या रात्री तीन वाजता पडदा सरकवला.
ते आलं होतं. लहानसं, शेळीएवढं,
कान मात्र मोठ्या भावाचे घालून आल्यासारखे.
कुंड्यांकडे पाठ.
भिंतीला लागून मान वर केलेली,
जीभ बाहेर,
एसीच्या नळीखाली.
एक थेंब. मग पुढचा पडेपर्यंत
नुसतं उभं राहणं.
दिवा पेटला. ते हललं नाही.

मृगजळ: मृगाचं जळ, षष्ठी तत्पुरुष, दोन गुण.
बाई म्हणाल्या होत्या, अर्थ लिहा: जे दिसतं पण नसतं.
मी तसाच लिहिला होता, चांगल्या अक्षरात.

हल्ली मी एसी अठरावर ठेवते.
श्रीपाद झोपेत चादर ओढतो,
महिनाअखेरीला बिल उलटंपालटं करून बघतो.
दमट हवा, मी म्हणते, ऑगस्ट.
नूरुलने नळीखाली एक थाळी ठेवली आहे,
मी पाहिली नाही असं आमचं ठरलेलं आहे.

कढीपत्त्याला मात्र
बोंबलाचं पाणी दर शुक्रवारी चालू आहे.
तिथे दयामाया नाही.