दुभाष्या

त्याचं खरं नाव श्यूर्ड हूक्सेमा.
खडकीच्या मैदानावर पहिल्याच सकाळी
पाण्याच्या बाटल्या वाटणाऱ्या अर्पुतमनं
शेवटचा ड काढून टाकला
आणि तो आमचा शूर झाला.

वय एकोणसाठ. उजव्या गुडघ्यावर
बॅगेच्या चेनसारखा व्रण.
चेनच्या अलीकडं खेळाडू, पलीकडं मॅनेजर,
असं तोच सांगायचा, चहात बिस्कीट बुडवून,
आणि बिस्कीट तुटून पडलं
की गुडघ्यापेक्षा जास्त हळहळायचा.

अकरा वर्षं लेफ्ट बॅक,
समुद्राहून खाली असलेल्या कुठल्याशा गावात,
जिथं रविवारी आधी वारा मैदानात उतरतो
आणि मग दोन्ही संघ.
आयुष्यात एकच गोल.
तोही वाऱ्याचा, म्हणायचा.
मग मॅनेजर. पाच क्लब.
चार ठिकाणांहून काढलेला,
पाचव्यातून आपणहून निघालेला,
तेवढाच बदल म्हणून.
मग आम्ही.

मी तेव्हा कीट धुवायचो.
बी.कॉम. नापास, पण इंग्रजी बरं,
म्हणून महिना बाराशे जादा देऊन
मला त्याच्या शेजारी उभं केलं.
तो म्हणायचा, धीर धरा.
मी म्हणायचो, "मुहूर्त टळतोय का रे कुणाचा?"
पोरं हसायची.
तो माझ्याकडं बघायचा, दोनच शब्द होते,
एवढे कसे झाले?

मुरमात टाचेनं रेघ ओढायचा,
डावीकडं, अगदी कडेला.
"इथं कुणी नसतं. म्हणून इथं जा."
शिट्टी त्यानं कधी वाजवली नाही,
दारूगोळा फॅक्टरीचा भोंगा झाला की सराव संपला.

पहिल्या वर्षी सातवे.
दुसऱ्या वर्षी पौषात सलग पाच जिंकलो,
आणि फेब्रुवारीत मालकाची बाणेरची बिल्डिंग
नवव्या मजल्यावर अडकली.
विटा, सिमेंट, सळ्या, क्लब
एकाच कागदावर आले.

शेवटची मॅच बालेवाडीत.
दोनशे माणसं, त्यातले साठ सिक्युरिटीवाले.
हाफ टाइमला दोन-शून्यनं मागं.
शूर उठला, बोलायला लागला,
इंग्रजीत नाही.
मिनिट, दीड मिनिट,
ओल्या पोत्यानं फरशी घासावी तसे शब्द.
मग थांबला.
अठरा तोंडं वळली माझ्याकडं.

मला एक अक्षर कळलं नव्हतं.

मी म्हणालो,
"कोच म्हणतोय, पगार येणार नाही, त्यालाही माहितीय.
म्हणतोय, गुडघा गेला त्या दिवशी
मॅच संपायला वीस मिनिटं होती.
ती वीस मिनिटं अजून त्याच्याकडं पडून आहेत.
घेऊन जा, म्हणतोय."

हरलो. दोन-एक.
तो एक झेवियर गायकवाडचा, एकोणनव्वदाव्या मिनिटाला,
डावीकडून, जिथं कुणी नसतं तिथून.
शूरनं माझा खांदा इतका जोरात दाबला
की मला वाटलं, त्याला कळलंय.

लोहगावला सोडायला मीच गेलो.
विचारणार होतो, त्या दिवशी काय बोललास.
पण त्याच्या ट्रॉलीचं एक चाक वाकडं होतं,
सारखी उजवीकडं जायची,
तो डावीकडं ढकलत राहिला,
मी बॅगा धरत राहिलो,
आणि दार आलं.

पुढं चाकणच्या एका कंपनीत
डच इंजिनिअर भेटला.
त्याला आठवतील तसे आवाज काढून दाखवले.
तो बराच वेळ ऐकत राहिला.
म्हणाला, ही आमची भाषा नव्हे.
उत्तरेकडच्या खेड्यांत बोलतात तसं काही असेल,
घरात.

घरात.

आता बोपोडीत चौदाखालची पोरं शिकवतो.
काल एकानं विचारलं,
सर, तुम्ही कुठल्या क्लबला खेळलात?
मी टाचेनं रेघ ओढायला लागलो,
मुरूम कडक होता, उमटेना,
दोनदा, तीनदा ओढली.